उंदीरमामाबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि गावाकडं घरची थोडी शेती आहे, त्यामुळं उंदराबद्दलचे प्रश्न मला दोन्हीकडून येतात. वर्गात पोरं विचारतात की सर सगळी औषधं उंदरावरच कामून टेस्ट करतात, आणि गावात गेलं की भाऊबंद विचारतात सोयाबीनच्या थप्पीला काय करावं. तेच तेच प्रश्न किती वेळा सांगायचे, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. हा प्राणी मला मनापासून आवडतो आणि दरवर्षी माझंच नुकसानही करतो, दोन्ही खरं आहे.

उंदीर, घूस आणि चिचुंद्री हे सगळे एकच का?

नाही. घरातला बारका, करड्या रंगाचा तो घरउंदीर, त्याचं शास्त्रीय नाव मस मस्क्युलस. माळवदाच्या लाकडातून, पत्र्याच्या आढ्यावरून पळणारा लांब शेपटीचा तो काळा उंदीर. आणि बांधावर, गोठ्यात, उकिरड्याजवळ ही मोठी मोठी बिळं पाडून मातीचा ढीग काढते ती घूस. घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून गेलाय, त्याचा अर्थ डुकरासारखा उंदीर. देगलूर-बिलोली-धर्माबादकडच्या लोकांना हे वेगळं सांगायची गरज नाही, त्यांच्या कानावर तेलुगू रोजच असती.

चिचुंद्री मात्र उंदीरच नाही. तोंड लांब टोकदार, डोळे बारीक, भिंतीच्या कडेकडेनं चुकचुक करत जाती आणि वास मारती. ती झुरळं, किडे खाती. तिचे दात उंदरासारखे जन्मभर वाढत नाहीत, त्यामुळं तुमच्या पोत्याला भोक पाडणारी ती नव्हे. तिला मारू नका, झुरळं कमी करायचं काम ती फुकटात करती. उलट आपली खार आणि साळिंदर हे मात्र उंदराच्याच गणगोतातले, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांतले.

संस्कृतातला मूषक आणि इंग्रजीतला माऊस, हे सारखं वाटतं ते योगायोगानं का?

योगायोग नाही, शब्दाचं मूळच एक आहे. संस्कृतात मुष् म्हणजे चोरणं, त्यावरून मूषक, म्हणजे चोरटा. लॅटिनमध्ये मूस. आणि त्याच लॅटिनमध्ये छोट्या उंदराला म्हणतात मुस्कुलुस, त्यावरून मसल हा शब्द आला, कारण दंड वळवला की कातडीखालून उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणे. आपण त्याला दंडाची बेडकुळी म्हणतो. रोमन लोकांना तिथं उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला. हे वर्गात सांगितलं की सगळी पोरं बाह्या वर करून बघत बसतात आणि तो तास तिथंच संपतो.

शास्त्रज्ञांना उंदीरच कामून लागतो? कोंबडी, ससा का नाही?

ससा, कोंबडीही वापरतात, पण उंदराचा हिशोबच वेगळा आहे. मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेताला साधारण सहा ते आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दीड महिन्यात स्वतः वेताला तयार. आयुष्य दोनेक वर्षांचं. म्हणजे जन्म, तारुण्य, म्हातारपण आणि दोनचार पिढ्या हे सगळं एका माणसाला नोकरीत असतानाच बघायला मिळतं. जागा कमी लागती, खायला मूठभर लागतं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो आतून आपल्यासारखा आहे. २००२ च्या डिसेंबरात उंदराचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, छापून आली तेव्हा दिसलं की त्याच्या जवळपास ९९ टक्के जनुकांची जोडी माणसात सापडती. काळीज, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातली साखर सांभाळायची पद्धत, सगळं त्याच धाटणीचं.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसती. लॅबमधला उंदीर म्हणजे गोदामातला धरून आणलेला उंदीर नाही. भाऊ-बहिणीची जोडी पिढ्यानपिढ्या लावून अशी एकसारखी वाणं तयार केलीत की त्यातला एक उंदीर दुसऱ्याचा जुळा भाऊच समजा. अमेरिकेत क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२९ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरी काढली ती याच कामासाठी. सगळ्यात जास्त चालणारं वाण काळ्या रंगाचं आहे, सी५७ ब्लॅक ६. आपल्याकडं बियाण्याचं शुद्ध वाण जसं जपतात तसंच हे, कारण बियाणंच सरमिसळ असेल तर कोणत्या खतानं काय झालं हे कळणार कसं?

उंदरामुळं नेमकं कोणतं औषध मिळालं, एखादं तरी सांगा.

पेनिसिलीन घ्या. २५ मे १९४०, शनिवार, ऑक्सफर्ड. फ्लोरी नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंचं इंजेक्शन दिलं आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलीन दिलं. हीटली नावाचे त्यांचे सोबती रात्री लॅबमध्येच थांबून राहिले. पहाट व्हायच्या आत औषध न मिळालेले चारही मेले होते आणि औषध मिळालेले चारही जिवंत. आठ उंदीर फक्त! त्या रात्री दिसलं म्हणून पुढं माणसाला द्यायची हिंमत झाली.

कॅन्सरवरची आणि सांधेवातावरची जी नवी महागडी इंजेक्शनं निघालीत ना, मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणतात ती, ती पद्धत १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी उंदराच्या पेशींतूनच बसवली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एखादं जनुक बंद करून उंदरात काय बिघडतं ते बघायचं, हे तंत्र काढणाऱ्या तिघांना २००७ चं नोबेल.

कोरोनाचं तर अजून वेगळं. साध्या लॅबच्या उंदराला तो पहिला कोरोना होतच नव्हता, कारण विषाणूला पेशीत शिरायला जो दरवाजा लागतो तो उंदरात नीट जुळत नाही. पण कोरोनाच्याच जातीतल्या जुन्या सार्स आजाराच्या अभ्यासासाठी, २००७ मध्ये, माणसाचा तो दरवाजा बसवलेला उंदीर तयार करून ठेवलेला होता. २०२० मध्ये त्याचं वाण पुन्हा वाढवलं आणि औषधं, लशी तपासायला तो कामी आला.

म्हणजे उंदरावर चाललं की माणसावर चालणारच?

अजिबात नाही, आणि मोबाईलवर "या आजारावर औषध सापडलं" अशी बातमी आली की आधी बघा ते उंदरात सापडलंय का माणसात. थॅलिडोमाईडचं उदाहरण आहे. त्या गोळीनं १९६० च्या आसपास हजारो बाळं हातापायात व्यंग घेऊन जन्मली, आणि त्या औषधाचा हा परिणाम उंदरावर फारसा होतच नाही. उंदीर ही पहिली पायरी आहे, जिना त्यापुढं लांब आहे.

लॅबमध्ये उंदरांचे हाल करतात, याला काही कायदा आहे का?

आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यावर बंदी घालणारा कायदा, आणि त्याच्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी केंद्राची समिती. संस्थेची नोंदणी लागती, प्रत्येक प्रयोगाला मंजुरी लागती. जगभर १९५९ पासून तीन गोष्टी मानतात: प्राण्याशिवाय भागत असेल तर प्राणी वापरू नका, लागतीलच तर कमीत कमी वापरा, आणि त्रास कमीत कमी द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रयोगाचे प्राणी सांभाळायचं मोठं केंद्र आहे.

रशियात नोवोसिबिर्स्कला २०१३ मध्ये प्रयोगातल्या उंदराचा पुतळा बसवलाय. चष्मा लावलेली म्हातारी उंदरीण, हातात विणकामाच्या सुया, आणि विणती काय तर डीएनएची साखळी. मी फोटोच बघितलाय, पण तो वर्गात भिंतीवर लावलाय.

बीडला प्लेग आला होता हे खरं का?

खरं आहे. १९९४ ची गोष्ट, मी तेव्हा चौथीत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचे धक्के लांबलांबपर्यंत बसले आणि माती-दगडाच्या घरात झोपायची लोकांना भीती बसली. बीड जिल्ह्यातल्या मामला गावातले लोकही घरं सोडून बाहेर राहिले आणि धान्य मात्र घरातच राहिलं. माणूस नाही, मांजर नाही, आणि कोठ्या भरलेल्या. उंदरांना अजून काय पाहिजे? अभ्यासकांनी पुढं हेच कारण मांडलं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथं उंदीर मरून पडायला लागले, पिसवांचा त्रास वाढला, मग माणसांना ताप आणि जांघेत, काखेत गाठी. सप्टेंबरात सुरतला फुफ्फुसाचा प्लेग निघाला आणि मग सगळ्या देशात पळापळ झाली. त्याआधी जवळपास तीस वर्षं भारतात प्लेगचा माणूस नोंदलेला नव्हता.

मला आठवतं ते एवढंच की बापू बाजारहून आले की आई त्यांचे कपडे उकळत्या पाण्यात टाकायची, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, आणि आजी कोपऱ्यात मेलेला उंदीर दिसला की आम्हाला ओट्यावरून खाली उतरू द्यायची नाही. तिला शास्त्र माहीत नव्हतं, पण तिच्या सासूनं तिला सांगितलेलं होतं की उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं.

शास्त्र असं आहे की प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरच्या पिसूत असतो. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसू त्याला सोडती आणि दुसरं गरम अंग शोधती, ते आपलं असतं. हे पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच प्रयोग करून दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १८९७ ला, हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आणि त्याच साथीत पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या. प्लेगच्या या धड्याला मी पुस्तकात दिलाय त्यापेक्षा जास्त वेळ देतो, कारण हे आपल्या जिल्ह्याचं आहे.

आज प्लेगला साधी अँटिबायोटिक लागू पडतात, वेळेत दिली तर. पण कारण दिसत नसताना एकदम खूप उंदीर मेलेले दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

पंचतंत्रातला तो जाळं कुरतडणारा उंदीर, तसं खरंच करतात का ते?

त्याचं नाव हिरण्यक. चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा जाळ्यासकट उडत त्याच्याकडं येतो आणि म्हणतो की आधी माझ्या माणसांचे पाश तोड, माझे नंतर. ही गोष्ट सगळ्यांना येते. पण हिरण्यकाची स्वतःची गोष्ट कमी लोक सांगतात आणि मला तीच जास्त आवडती. तो एका मठात राहायचा, आणि संन्यासी भिक्षेचं भांडं खुंटीला कितीही उंच टांगो, हा उडी मारून गाठायचाच. एक पाहुणा म्हणाला की एवढी ताकद याच्यात आली कुठून, याच्या बिळाखाली नक्की धन असणार. खणलं तर निघालं. धन गेलं आणि त्या दिवसापासून हिरण्यकाची उडी त्या भांड्यापर्यंत पोचेना, सोबतचे उंदीरही सोडून गेले. दुष्काळाच्या वर्षी एकर विकून बसलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून बघा, तो काही बोलत नाही, नुसती मान हलवतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. २०११ मध्ये शिकागोच्या शास्त्रज्ञांनी एक उंदीर नळीत कोंडला आणि दुसरा बाहेर मोकळा ठेवला. मोकळा उंदीर काही दिवसांत दार उघडायला शिकला, कोणी शिकवलं नाही, बक्षीस नाही. शेजारी चॉकलेटची दुसरी नळी ठेवली तरी बहुतेकांनी सोबत्यालाही सोडवलं आणि बऱ्याच वेळा चॉकलेटही त्याच्यासाठी राखून ठेवलं. पंचतंत्र लिहिणाऱ्या विष्णुशर्म्यानं उंदीरच का निवडला असंल हे मला तेव्हा नव्यानं वाटलं.

उंदीर शिकवता येतो का?

येतो. आफ्रिकेतल्या एका मोठ्या जातीच्या उंदरांना जमिनीतल्या सुरुंगाचा वास ओळखायला शिकवतात. वजन कमी, त्यामुळं त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदरानं कंबोडियात ७१ सुरुंग शोधले, २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधून शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. टांझानियात असेच उंदीर थुंकीच्या नमुन्यातून टीबी हुंगून सांगतात.

गणपतीचं वाहन आहे, मग उंदीर मारला तर पाप लागतं का?

हा प्रश्न बायाबापड्या खरंच काळजीनं विचारतात. गणेशपुराणात कथा आहे की क्रौंच नावाचा गंधर्व इंद्रसभेत वामदेव मुनींच्या पायावर पाय देऊन गेला, त्यांनी शाप दिला की उंदीर होशील. तो पराशरांच्या आश्रमात धुडगूस घालायला लागला, धान्य खाल्लं, वस्त्रं फाडली, तेव्हा गजाननानं पाश टाकून त्याला धरला आणि वाहन केलं. म्हणजे देवानंसुद्धा आधी त्याचा बंदोबस्त केला, मग जवळ घेतला. माझी आई राजूरच्या गणपतीला गेली की उंदराच्या कानात काहीतरी सांगून येती आणि घरी येऊन पिंजरा लावती, तिला त्यात काही अडचण वाटत नाही आणि मलाही नाही. मारायची इच्छा नसेल तर येऊच देऊ नका, त्याचं पुढं सांगतो.

घरात आणि धान्यात उंदीर होऊ नये म्हणून काय करायचं?

आधी भोकं बघा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरउंदीर आत येतो, अंगठा जाईल एवढ्यातून मोठा. दाराखालची फट, मोरीचं तोंड, वायरीचं भोक. कापडाचा बोळा काही कामाचा नाही, तारेची जाळी किंवा भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. पत्रा, काच, सिमेंट सोडून बाकी सगळं तो कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, झिजवले नाहीत तर तोंड मिटता येणार नाही. म्हणून तो साबण, वायर, पुस्तक, खायचं नसलं तरी कुरतडतो. त्याच्यासाठी ते नखं कापल्यासारखं आहे.

आमच्या जुन्या वाड्यात बळद होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, जाड भिंतीच्या पोटात ठेवलेली धान्याची खोली, वरच्या भोकातून ज्वारी ओतायची आणि लागंल तशी खालच्या भोकातून काढायची. आजी भोकाच्या कडेला शेण-माती दर अमावास्येला नव्यानं लिंपायची आणि लिंपलेल्यावर बोट फिरवून बघायची, कुठं नखाचा ओरखडा आहे का. ओरखडा दिसला की त्या रात्री मांजर तिथंच कोंडायची. जमिनीत पेवं असायची, त्यातलं धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. आता पोत्यांची थप्पी थेट भिंतीला लावतात, तिथंच चुकतं. भिंतीपासून दोन फूट जागा सोडा, खाली लाकडी फळ्या टाका, म्हणजे मागं झाडता येतं आणि उंदराला दडायला जागा मिळत नाही. पत्र्याची कोठी परवडत असेल तर त्यासारखं काही नाही.

गोंद लावलेला पुठ्ठा वापरू नका. उंदीर दोन दोन दिवस त्यात तडफडतो, कातडी निघती, आणि ते बघणाऱ्या लेकराला काय शिकवतो आपण? पिंजरा लावा, त्यात भाकरीचा तुकडा तेलात भिजवून अडकवा.

शेतात उंदीर झालेत, औषध टाकू का?

आधी मोजा. संध्याकाळी रानातली सगळी बिळं पायानं मातीनं बुजवा, सकाळी जाऊन बघा कोणती उघडली. जी उघडली तीच चालू. याच्यानं अर्धं औषध आणि अर्धी मेहनत वाचती.

झिंक फॉस्फाईड वापरणार असाल तर पहिले दोनतीन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य ठेवा, औषध नाही. उंदीर नवीन गोष्टीला बिचकतो, जरासं चाखून थांबतो, आणि चाखून पोट बिघडलं की परत त्याला तोंड लावत नाही. लोक म्हणतात औषध बोगस निघालं. औषध बरोबर असतं, घाई नडती. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचं तसं नाही, ते रक्त गोठू देत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळं त्याला संशय येत नाही. काम एकट्यानं करू नका, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करा, नाहीतर तुमचे संपले की शेजारचे येतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लोक यावर मार्गदर्शन करतात, विचारायला लाजू नका.

आणि धामण मारू नका, हात जोडून सांगतो. धामण म्हशीचं दूध पिती हे खोटं आहे, सापाला दूध ओढून प्यायला ओठच नसतात. ती बिनविषारी आहे आणि थेट बिळात शिरून उंदीर खाती, जिथं तुमची काठी पोचत नाही. गव्हाणी घुबडही तसंच, पिल्लं असली की एका रात्रीत कितीतरी उंदीर नेतं. अशुभ म्हणून दगड मारतात त्याला. हरभऱ्यात, गव्हात टी आकाराचे पक्षीथांबे उभे करा, रात्री घुबड येऊन बसतं.

चुकून कोणी उंदराचं औषध खाल्लं तर?

घरी मीठपाणी, दूध, ताक काही पाजत बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि औषधाचं पाकीट बरोबर घ्या, कारण प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के देतात, झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही, डॉक्टर जीव सांभाळून नेतात. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचं तर एक दोन दिवस माणूस चांगला दिसतो, बोलतो, जेवतो, आणि मग लिव्हर जातं. बरं वाटतंय म्हणून घरी आणू नका. माझ्या ओळखीतलं एक पोरगं असंच गेलं, म्हणून इतकं लिहितोय. औषध कुलपात ठेवा.

ठिबकच्या नळ्या कुरतडतात, त्यात खायला काय असतं?

खायला काही नसतं, पाणी असतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पाण्याचा थेंब नसतो, त्याला नळीतलं पाणी कळतं. मी बांधाला चार ठिकाणी मडक्याची खापरं मातीत बसवून पाणी भरून ठेवतो, दोन उन्हाळे झाले, नळ्या तुटायचं कमी झालंय. पक्षीही पितात.

कॉम्प्युटरच्या माऊसला माऊस का म्हणतात?

डग्लस एंगेलबार्ट यांच्या गटानं १९६४ मध्ये पहिला बनवला, लाकडी डबा आणि मागून निघालेली वायर, शेपटीसारखी. म्हणून माऊस. १९६८ च्या ९ डिसेंबरला लोकांसमोर दाखवला. आता वायरच गेली, नाव राहिलं.

लेकराचा दात पडला की उंदराला का देतात?

दुधाचा दात माळवदावर नाहीतर बिळात टाकायचा आणि म्हणायचं उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे. वर सांगितलं तसं त्याचे पुढचे दात कधी वाढायचे थांबत नाहीत आणि वरचं कवच लोहामुळं पिवळं-नारिंगी आणि टणक असतं, म्हणजे मागायचाच तर याच्याकडंच मागावा असा दात आहे. आमच्या धाकटीचा मागच्या महिन्यात पडला, आता घरावर स्लॅब आहे म्हणून तिनं तो गोठ्यामागच्या घुशीच्या बिळात टाकला. रोज शाळेत जाताना बोटानं हिरडी चाचपती आणि बिळाकडं एकदा बघून जाती.